पाऊण, तीन छेद चार आणि पंचाहत्तर पैसे: अपूर्णांकांच्या प्रकारांचा आढावा

प्राथमिक शाळेच्या गणितात अपूर्णांकाचा धडा बहुधा भाकरीच्या किंवा कागदाच्या चार सारख्या तुकड्यांनी सुरू होतो आणि छेदाधिक, अंशाधिक, पूर्णांकयुक्त, सममूल्य, समच्छेद, भिन्नच्छेद, दशांश अशा नावांच्या यादीपाशी येऊन थांबतो. नावे पाठ होतात, प्रत्येक नावाखालची उदाहरणेही सुटतात; तरीसुद्धा ३/४ आणि ५/७ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारले की वरच्या वर्गातील विद्यार्थीदेखील अडखळतात. ही अडचण विद्यार्थ्याच्या कुवतीपेक्षा विषयाच्या मांडणीतून अधिक येते. वर दिलेली नावे ऐकताना असे वाटते, की जणू संख्यांच्या सात निरनिराळ्या जाती आहेत आणि प्रत्येक जातीचे नियम स्वतंत्र आहेत. वस्तुतः यांतील जवळजवळ सर्व प्रकार संख्या लिहिण्याच्या रीतींचे आहेत, संख्यांचे नव्हेत. पाऊण, ३/४, ६/८, ०.७५ आणि ७५ टक्के ही एकाच संख्येची पाच रूपे आहेत, आणि संख्यारेषेवर या पाचांना मिळून एकच बिंदू आहे. अपूर्णांकांच्या प्रकारांचा कोणताही आढावा या भेदापासून सुरू व्हायला हवा.

अपूर्णांकाची परिचित व्याख्या अशी, की एका पूर्ण वस्तूचे जितके समान भाग केले ती संख्या म्हणजे छेद आणि त्यांतील जितके भाग घेतले ती संख्या म्हणजे अंश. शब्द अर्थाला धरून आहेत, कारण छेद म्हणजे कापणे आणि अंश म्हणजे वाटा. या व्याख्येत दोन अटी दडलेल्या आहेत आणि त्या वारंवार नजरेतून सुटतात. पहिली अट भाग समान असण्याची, आणि दुसरी, पूर्ण कशाला म्हणायचे ते आधी ठरवण्याची. कारण लहान भाकरीचा अर्धा भाग मोठ्या भाकरीच्या पाव भागापेक्षा कमी भरू शकतो. परंतु या दोन्ही अटी पाळल्या तरी व्याख्या ५/४ या संख्येपाशी तोकडी पडते, कारण चार भागांतून पाच भाग घेता येत नाहीत. तेथे दुसरी, अधिक भक्कम व्याख्या हाताशी असावी लागते. छेद हा एका नव्या मापाची ओळख करून देतो आणि अंश हा त्या मापाची मोजदाद करतो, अशी ती व्याख्या आहे. १/४ हे जर माप मानले, तर तीन वेळा घेतल्यावर ३/४, चार वेळा घेतल्यावर १ आणि पाच वेळा घेतल्यावर ५/४ होतात आणि मोजणी एकच्या पुढेही विनासायास चालू राहते. छेद शून्य का नसावा, याचेही उत्तर येथेच मिळते, कारण एकाचे शून्य भाग करून कोणतेच माप तयार होत नाही.

‘अपूर्णांक’ हे नाव मात्र काहीसे दिशाभूल करणारे आहे. ८/४ हा लेखनाने अपूर्णांक असला तरी त्याची किंमत दोन, म्हणजे पूर्णच आहे. जुन्या संस्कृत गणितात ‘भिन्न’, म्हणजे फुटलेले, असा शब्द होता. अरबीतील ‘कस्र’ या शब्दाचा अर्थही मोडणे आणि अपूर्णांक असा दुहेरी आहे. मराठीतील ‘कसर’ हा शब्द तेथूनच आला आहे, आणि कसर भरून काढणे या प्रयोगात उरलेला भाग मिळवून पूर्ण करण्याची कल्पना आजही शाबूत आहे.

इतिहासाकडे पाहिले, तर लेखनाची रीत बदलली की अपूर्णांकाची अडचणही बदलते, हे स्पष्ट दिसते. प्राचीन इजिप्तमध्ये २/३ चा अपवाद वगळता केवळ एकांश अपूर्णांक, म्हणजे ज्यांचा अंश १ आहे असे अपूर्णांक, लिहिले जात. इसवी सनापूर्वी सुमारे सोळा-सतरा शतके आमोस नावाच्या लेखनिकाने नकललेल्या ऱ्हाइंड पपायरसमध्ये दहा माणसांत भाकऱ्या वाटण्याची उदाहरणे आहेत. त्यांतील नऊ भाकऱ्यांच्या उदाहरणात प्रत्येकाचा वाटा २/३, १/५ आणि १/३० यांच्या बेरजेने सांगितला आहे. आजच्या वाचकाला हे विनाकारण गुंतागुंतीचे वाटेल, कारण ९/१० लिहून काम भागते. परंतु कोणाच्या हाती कोणत्या आकाराचे तुकडे पडायचे, हे त्या लेखनात लगेच दिसते. बॅबिलोनियातील लोकांनी याउलट सर्व अपूर्णांकांसाठी ६० आणि त्याचे घात हेच छेद वापरले. तासाची साठ मिनिटे आणि मिनिटाचे साठ सेकंद हा त्याच रीतीचा अवशेष आहे.

भारतात बख्शाली हस्तलिखित हा या बाबतीतला महत्त्वाचा पुरावा आहे. पेशावरजवळच्या बख्शाली गावी १८८१ मध्ये जमिनीत सापडलेली ही भूर्जपत्रे आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत; त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांत अंश वर आणि छेद खाली लिहिला आहे, मधली आडवी रेघ मात्र नाही, आणि पूर्णांकाखालीही १ हा छेद लिहिण्याची पद्धत दिसते. ही शेवटची बाब लहानशी वाटली तरी अर्थपूर्ण आहे, कारण तेथे पूर्णांक आणि अपूर्णांक यांना एकाच साच्यात बसवलेले आहे. मधली रेघ पुढे बाराव्या शतकात मगरीबमधील अल्-हस्सार या गणितज्ञाच्या लेखनात आढळते, आणि फिबोनाचीच्या १२०२ मधील ग्रंथामुळे ती युरोपात पसरली. त्याआधी, सुमारे ८५० मध्ये, राष्ट्रकूटांच्या राज्यात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात भिन्नांचे छेद समान करण्यासाठी ‘निरुद्ध’, म्हणजे आजचा लघुतम साधारण विभाज्य किंवा लसावि, वापरण्याची रीत दिली होती.

अपूर्णांकांच्या प्रकारांचे सर्वांत विचारपूर्वक केलेले वर्गीकरण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या ग्रंथात, आढळते, आणि त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे, कारण भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा १२०७ मधील शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. लीलावतीत भिन्नांच्या चार जाती सांगितल्या आहेत. भागजातीत निरनिराळ्या छेदांचे भाग समान छेदाला आणायचे असतात, तर प्रभागजातीत भागाचा भाग, त्याचाही भाग असा काढत जायचे असते. भागानुबंधात पूर्णाला भाग जोडलेला असतो, आणि भागापवाहात तो पूर्णातून वजा केलेला असतो. या चारही जाती ‘ही संख्या कशी आहे’ या प्रश्नावर आधारलेल्या नाहीत. ‘ही संख्या कोणत्या क्रियेने आपल्यासमोर आली’ या प्रश्नावर आधारलेल्या आहेत. म्हणूनच चौघींचाही शेवट सवर्णनात, म्हणजे एकाच अंशछेदाच्या रूपात आणण्यात, होतो.

प्रभागजातीचे लीलावतीतील उदाहरण आजही वर्गात वापरावे इतके नेमके आहे. एका कृपण माणसाने याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पंचमांशाच्या षोडशांशाचा चौथा भाग दिला, तर त्याने किती कवड्या दिल्या, असा तो प्रश्न आहे. सर्व भागांचा गुणाकार केला की १/१२८० द्रम्म येतो. त्या काळच्या कोष्टकाप्रमाणे २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण आणि १६ पणांचा एक द्रम्म होत असल्याने द्रम्मात बरोबर १२८० कवड्या असतात, म्हणून दान एकच कवडीचे ठरते. भागाचा भाग काढणे म्हणजे गुणाकार, आणि असा गुणाकार करताना संख्या वाढण्याऐवजी घटत जाते, ही अपूर्णांकांच्या गुणाकारातील सर्वांत अनपेक्षित गोष्ट येथे कोणत्याही नियमाच्या घोकंपट्टीविना मनात उतरते.

भागानुबंध आणि भागापवाह यांची लीलावतीतील उदाहरणे तर मराठी वाचकाला घरची वाटावीत अशी आहेत. पाव मिळवलेले दोन आणि पाव वजा केलेले तीन यांचे सवर्णन करण्यास तेथे सांगितले आहे; मराठीत या संख्यांना सव्वादोन आणि पावणेतीन असे सरळ शब्दच आहेत. मराठीतील अपूर्णांकवाचक शब्द ही केवळ बोलीतील सोय नसून पूर्ण गणिती रचना आहे. पाऊण हा शब्द पादोन, म्हणजे पाव कमी, यापासून आणि सव्वा हा सपाद, म्हणजे पावासहित, यापासून आला आहे, तर साडे हे सार्धाचे, म्हणजे अर्ध्यासहित याचे, रूप आहे. दीड, अडीच आणि औट यांची घडण याहून वेगळी आणि अधिक जुनी आहे. अडीच म्हणजे अर्धतृतीय, ज्यात तिसरा अर्धाच भरला आहे असे माप, आणि औट म्हणजे अर्धचतुर्थ, ज्यात चौथा अर्धा आहे असे माप, अर्थात साडेतीन. म्हणूनच मराठीत साडेएक आणि साडेदोन हे शब्द नाहीत आणि साडे या शब्दाची गणना तीनापासून सुरू होते. औट हा शब्द आता व्यवहारातून गेला असला तरी औट घटकेचे राज्य या वाक्प्रचारात तो टिकून आहे.

या शब्दांचा आणखी एक गुण असा, की त्यांतील एकक बदलते ठेवता येते. सव्वादोन म्हणजे २ १/४, परंतु सव्वादोनशे म्हणजे २२५. पावणेदोन म्हणजे १ ३/४, तर पावणेदोनशे म्हणजे १७५. पाऊणशे म्हणजे ७५ आणि दीड हजार म्हणजे १५००. पूर्ण कशाला मानायचे ते बदलले की त्याच अपूर्णांकाची किंमत बदलते, हे तत्त्व मराठी भाषक मूल बोलायला शिकतानाच आत्मसात करते, आणि दुर्दैवाने शाळेत त्याचा कोणी उपयोग करून घेत नाही. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाढे पाठ करून घेत. जुन्या हिशेबांत १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड आणि १॥। म्हणजे पावणेदोन असे लिहीत, म्हणजे एक उभा दंड हा एक पाव मानला जाई. धान्याच्या उसनवारीत सवाईने किंवा दिढीने परत करण्याचे करार होत, आणि त्यांतील व्याजाचा दर त्या शब्दातच सांगितलेला असे. पाढ्यांच्या घोकंपट्टीकडे परत जावे असे यातून सुचवायचे नाही. मात्र ‘पाऊण’ म्हणताना मनात एकच संख्या उभी राहते, आणि ‘तीन छेद चार’ म्हणताना दोन संख्या उभ्या राहतात, हा फरक लहान मुलाच्या समजुतीच्या दृष्टीने फार मोठा आहे.

आता शालेय प्रकारांकडे वळता येईल. ज्याचा छेद अंशापेक्षा मोठा तो छेदाधिक अपूर्णांक आणि ज्याचा अंश छेदाएवढा किंवा त्याहून मोठा तो अंशाधिक, अशी ही जोडी आहे. त्यांतील भेद इतकाच, की पहिल्याची किंमत एकपेक्षा कमी आणि दुसऱ्याची एक किंवा अधिक असते. इंग्रजीत या दोघांना ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ अशा अर्थाची विशेषणे आहेत आणि त्यामुळे ७/४ सारख्या संख्येत काहीतरी चुकले आहे असा समज होतो. मराठी पारिभाषिक शब्द केवळ वस्तुस्थिती सांगतात, हे त्यांचे श्रेष्ठत्व मानले पाहिजे. पूर्णांकयुक्त अपूर्णांक म्हणजे अंशाधिकाचेच दुसरे लेखन होय: ७/४ आणि १ ३/४ या दोन संख्या नसून पावणेदोन ही एकच संख्या आहे. मोजमाप सांगताना १ ३/४ सोयीचे पडते, तर गुणाकार-भागाकारात ७/४ सोयीचे पडते, एवढेच. समच्छेद आणि भिन्नच्छेद हे तर एकेका अपूर्णांकाचे प्रकारच नाहीत. ते दोन किंवा अधिक अपूर्णांकांमधील संबंधाचे वर्णन आहे, आणि ३/४ हा एकटा असताना तो समच्छेद आहे की भिन्नच्छेद, हा प्रश्नच निरर्थक ठरतो.

या सर्वांत सममूल्य अपूर्णांकांची कल्पना मध्यवर्ती आहे आणि तिला जितका वेळ द्यावा तितका थोडा. अंश आणि छेद या दोघांना शून्याखेरीज एकाच संख्येने गुणले किंवा भागले, तर लेखन बदलते, किंमत बदलत नाही. ३/४ मधील प्रत्येक चतुर्थांशाचे पुन्हा दोन भाग केले, की भाग दुप्पट होतात आणि घेतलेले भागही दुप्पट होतात, म्हणून ६/८ मिळतात. प्रत्येक अपूर्णांकाची अशी अगणित रूपे असतात. त्यांतील ज्या रूपात अंश आणि छेद यांचा मसावि १ असतो ते अतिसंक्षिप्त रूप होय. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर या एका कल्पनेने मिळते, कारण ३/४ म्हणजे २१/२८ आणि ५/७ म्हणजे २०/२८ असे लिहिले, की मोठे कोण ते मोजण्याइतके सोपे होते.

बेरीज आणि वजाबाकीतील समच्छेद करण्याचा नियम यातूनच निघतो. शेर आणि तोळे जसे थेट मिळवता येत नाहीत, तसे तृतीयांश आणि चतुर्थांशही येत नाहीत. दोन्ही बारांशांत आणले की मिळवता येतात. तरीही १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिण्याची चूक जगभरातील वर्गांत दिसते. उत्तर अर्ध्यापेक्षाही लहान आले, हे ध्यानात येत नाही, कारण अंश आणि छेद या चार सुट्या पूर्णसंख्या आहेत असेच मूल समजत असते. या चुकीमागे एक तर्कही आहे. कबड्डीच्या सामन्यात एखाद्या खेळाडूच्या पहिल्या डावात ५ पैकी ३ आणि दुसऱ्या डावात ४ पैकी १ चढाई यशस्वी झाली, तर पूर्ण सामन्यात ९ पैकी ४ यशस्वी झाल्या, हे विधान अगदी बरोबर आहे. तेथे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला आहे, कारण ती बेरीज अपूर्णांक या संख्यांची नसून दोन निरनिराळ्या पूर्णांवरील नोंदींची आहे. हा फरक स्पष्ट न करता केवळ ‘चूक’ असा शेरा मारला, तर मूल नियम पाठ करते आणि गोंधळ तसाच राहतो.

भागाकाराचा नियम, म्हणजे भाजकाचा अंश-छेद उलटवून गुणण्याचा नियम, लीलावतीतही आहे आणि आजच्या पाठ्यपुस्तकांतही आहे. तो का चालतो, हे मात्र क्वचित सांगितले जाते. सहा मीटर कापडातून पाऊण मीटरचे किती तुकडे निघतील, हा प्रश्न घेतला, तर सहा मीटरमध्ये पाव मीटरचे २४ तुकडे असतात आणि प्रत्येकी तीन पावांचा एक तुकडा करायचा असल्याने २४ ला ३ ने भागून ८ हे उत्तर येते. आधी ४ ने गुणणे आणि मग ३ ने भागणे म्हणजेच ४/३ ने गुणणे होय. हा अर्थ शिक्षकांनाही दरवेळी स्पष्ट असतोच असे नाही. लिपिंग मा यांच्या १९९९ मधील गाजलेल्या अभ्यासात अमेरिकेतील आणि चीनमधील प्राथमिक शिक्षकांना १ ३/४ भागिले १/२ हे उदाहरण देऊन त्यावर शाब्दिक प्रश्न तयार करण्यास सांगितले होते. निम्म्याहून अधिक अमेरिकी शिक्षकांना उत्तरच बरोबर काढता आले नाही, तर चिनी शिक्षकांपैकी सर्वांनी ते बरोबर काढले. मराठीत हा प्रश्न पावणेदोन लिटर दुधाच्या अर्ध्या लिटरच्या किती पिशव्या होतील असा विचारला, तर साडेतीन हे उत्तर कागदाविना सुचते.

दशांश अपूर्णांक ही छेद म्हणून फक्त १०, १००, १००० असे दहाचे घात वापरण्याची रीत आहे. तिचा फायदा असा, की पूर्णसंख्यांचे सर्व नियम जसेच्या तसे पुढे चालतात. पंधराव्या शतकात समरकंदच्या अल्-काशीने आणि १५८५ मध्ये नेदरलंड्सच्या सायमन स्टेव्हिनने या रीतीची पद्धतशीर मांडणी केली. भारताच्या दैनंदिन व्यवहारात ती १ एप्रिल १९५७ रोजी आली, जेव्हा रुपयाचे १६ आण्यांऐवजी १०० नवे पैसे झाले. सोळा ही दोनाचा घात असल्याने अर्धा, पाव आणि अर्धा पाव असे निम्मे करत जाण्यासाठी ती अत्यंत सोयीची होती, आणि अधेली, पावली व चवली ही आठ, चार आणि दोन आण्यांची नाणी त्या सोयीचीच रूपे होती. शंभराला चाराने भाग जातो, म्हणून चार आण्यांचे २५ पैसे झाले; सोळाने मात्र जात नाही, म्हणून एका आण्याचे ६ १/४ पैसे झाले. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, पण चार आणे, आठ आणे, बारा आणे हे शब्द लोकांच्या तोंडी अजून आहेत. महसूल खात्यातही पिकाची आणेवारी जाऊन पैसेवारी आली, आणि ५० पैशांच्या आत पैसेवारी आलेल्या गावांचा टंचाईच्या सवलतींसाठी विचार होतो, म्हणजे अर्ध्या पिकाची ही रेघ शेतकऱ्याच्या आयुष्यात प्रत्यक्ष निर्णय घडवते. शेकडेवारी हीदेखील १०० छेदाच्या अपूर्णांकाचीच रीत आहे. (सातबारा या उताऱ्याचे नाव मात्र ७/१२ असे लिहिले जात असले तरी तो अपूर्णांक नाही, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा तो जोड आहे.)

दशांश लेखनाच्या दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की ०.१२५ हे ०.५ पेक्षा मोठे वाटते, कारण १२५ हे ५ पेक्षा मोठे आहे. १/८ आणि १/२ असे लिहिले की भ्रम दूर होतो. दुसरी अशी, की सर्व अपूर्णांक दशांशात संपत नाहीत. अतिसंक्षिप्त रूपातील छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तर दशांश खंडित असतो, अन्यथा तो अखंड आवर्ती असतो. म्हणून १/८ म्हणजे ०.१२५ येथे थांबतो, १/३ मध्ये ३ हा अंक अखंड येत राहतो, आणि १/७ मध्ये १४२८५७ हा सहा अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो. हा भेद तरी संख्यांचाच असेल, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु तासाचा तिसरा भाग बरोबर २० मिनिटे होतो, कारण साठाला तिनाने भाग जातो. साठाच्या लेखनात जो खंडित तो दहाच्या लेखनात आवर्ती, तेव्हा हाही भेद लेखनाचाच ठरतो. ०.९९९… ही अखंड चालणारी संख्या आणि १ या एकाच आहेत, हे अनेकांना न पटणारे विधानही याच कारणाने खरे आहे, कारण १/३ ची तिप्पट १ होते.

संख्येच्या स्वभावातून येणारा खरा भेद याच्या पुढे आहे. पूर्णांक अंश आणि शून्येतर पूर्णांक छेद अशा रूपात ज्या लिहिता येतात त्या परिमेय संख्या, आणि ज्या कोणत्याच रीतीने तशा लिहिता येत नाहीत त्या अपरिमेय. एक बाजू असलेल्या चौरसाचा कर्ण, म्हणजे दोनचे वर्गमूळ, अशी संख्या आहे. शुल्बसूत्रांत यज्ञवेदीच्या मापासाठी तिची किंमत १ + १/३ + १/१२ − १/४०८ अशी सांगितली आहे. एकत्र केल्यावर ती ५७७/४०८ होते, आणि तिचा वर्ग २ पेक्षा फक्त १/१६६४६४ ने जास्त भरतो. अपूर्णांक इतका जवळ जातो, पण पोहोचत नाही. शाळेत π ऐवजी २२/७ वापरताना ती जवळची किंमत आहे, हे सांगितले नाही, तर हा भेद कायमचा पुसला जातो.

अपूर्णांकांच्या अध्यापनाविषयी गेल्या अर्धशतकात पुष्कळ संशोधन झाले आहे. थॉमस कीरेन यांनी १९७६ मध्ये आणि त्यांच्या नंतर इतरांनी दाखवले, की एकच ३/४ हा पूर्णाचा भाग, तीन भागिले चार, एक माप, तीनास चार हे गुणोत्तर आणि ‘पाऊणपट करा’ अशी क्रिया, अशा निरनिराळ्या अर्थांनी समोर येतो. शाळा मात्र पहिल्या अर्थावरच रेंगाळते. १९७८ च्या अमेरिकी राष्ट्रीय मूल्यमापनात १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज १, २, १९, २१ यांपैकी कोणत्या संख्येच्या जवळ आहे, असे विचारले असता तेरा वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्क्यांनीच २ हे उत्तर निवडले. बहुतेकांना ते दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक आहेत, हे दिसलेच नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनी समान वाटणी आणि मापन या दोन अर्थांपासून आरंभ करण्याची दिशा सुचवली आहे. तीन भाकऱ्या चौघांत वाटल्या की प्रत्येकाला पाऊण मिळते, या कृतीत भागाकार आणि अपूर्णांक एकत्र शिकले जातात. मराठी शाळांसाठी ही दिशा विशेष अनुकूल आहे, कारण मापनाची शब्दसंपत्ती मुलांच्या तोंडी आधीच असते. सव्वा किलो, दीड तास, पावणेदहा वाजले, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

तेव्हा पाचवी-सहावीच्या शिक्षकांना विनंती अशी, की समच्छेदाचा नियम फळ्यावर लिहिण्यापूर्वी एक लांब रेघ आखावी, तिच्यावर ०, १, २, ३ या खुणा कराव्यात, आणि ३/४, ६/८, ०.७५ हे तिन्ही मुलांकडून एकाच बिंदूवर लिहून घ्यावेत. मग ५/४ कोठे येईल ते त्यांना शोधू द्यावे, आणि त्या बिंदूला घरी काय म्हणतात ते विचारावे.